सूचना: रविवारी ट्रकची तपासणी, कळंबोली
सर्व गाडीमालक व चालक सभासदांसाठी,

येत्या रविवारी सकाळी 8 ते 11, स्टील मार्केटजवळच्या आपल्या पार्किंगमध्ये. गाडी रिकामी आणा, चालक सोबत हवाच.

खड्ड्यांत आपटून पाटे (लीफ स्प्रिंग) अॅक्सलला घट्ट धरणारे यू-बोल्ट सैल होतात. मग पाट्यांना मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटतो, अॅक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. भरल्या गाडीत हे जीवावर बेततं, म्हणून पाटे आधी बघणार.

व्हील नटाभोवती गंजाची रेघ दिसली तर रविवारची वाट पाहू नका, लगेच आवळा. चाक बदलल्यावर 50 ते 100 किमीनंतर नट पुन्हा आवळायचेच.

रिफ्लेक्टर, मागचे लाल दिवे, धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण नसेल तर गाडी लोडिंगला लावायची नाही.

जादा माल भरू नये. दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. रस्ताही त्यानेच खचतो.