पहिलीचं इंग्रजी स्पेलिंगपासून नको, गोष्टीपासून सुरू करा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, त्या वेळची पहिलीची पोरं आता स्वतः आईबाप झालीत, तरी अजूनही पालक शाळेत आले की आधी हेच विचारतात, मॅडम याला स्पेलिंगं किती येतात? वही भरलेली दिसली की त्यांचं समाधान होतं. पण सहा वर्षांच्या पोराला पन्नास स्पेलिंगं पाठ आहेत आणि एक वाक्य तोंडातून निघत नाही, याला इंग्रजी येणं कसं म्हणायचं?

मी पारोळा तालुक्यात जि. प. शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात गोष्टीने करा, आणि गोष्ट तीच तीच वाक्यं परत परत येणारी निवडा. मी गोल्डिलॉक्स आणि तीन अस्वलांची घेते, गोल्डिलॉक्स नावाची मुलगी अस्वलांच्या रिकाम्या घरात शिरते, वाटीतलं खाते, खुर्चीत बसते, पिल्लाची खुर्ची मोडते आणि त्याच्याच खाटेवर झोपते, मग अस्वलं घरी येतात. आपल्या पोरांना हा प्रकार नवा नाही, काऊ दार वाजवतो आणि चिऊ दर वेळी "थांब, माझ्या बाळाला..." म्हणते, पुढे काय येणार हे पोरांना आधीच माहीत असतं आणि म्हणूनच ती बरोबर बोलायला लागतात. इथे पण तसंच, तीन वाट्या, तीन खुर्च्या, तीन खाटा, आणि प्रत्येक वेळी टू हॉट, टू कोल्ड, जस्ट राइट. मोठ्या अस्वलाचा जाड आवाज, पिल्लाचा बारीक. "हू हॅज बीन सिटिंग इन माय चेअर?" हे एवढं लांब वाक्य, यातलं व्याकरण आठवीतल्या पोरांनाही अवघड जातं, पण पहिलीचा वर्ग ते एका सुरात ओरडतो, कारण खुर्चीत कोण बसलं हे त्यांना खरंच विचारायचं असतं. मग पोषण आहाराची खिचडी वाढली की ताटावरून आवाज येतो, मॅडम, टू हॉट! हे मी कधी फळ्यावर लिहून दिलेलं नाही.

मधे मधे पोरांची घरची बोली अहिराणी येते, येऊ द्यावी. "मॅडम, खुर्ची मोडी गई", "ती तठेच जपी गई" (तिथेच झोपली) असं पोर सांगतं म्हणजे त्याला गोष्ट कळली ना, मग आपण हसून इंग्रजी वाक्य परत म्हणायचं, त्याला गप्प करायचं नाही. प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगत बसलात तर मात्र गोष्ट मरते, हातवारे आणि चित्रं पुरतात.

काही जण म्हणतात परदेशी गोष्ट कशाला. अहो, अस्वल आपल्या सातपुड्यात आहे, यावलच्या जंगलात आहे, मोहाची फुलं खायला येतं हे पाड्यावरच्या पोरांना मास्तरांपेक्षा जास्त माहीत. आणि ही गोष्टसुद्धा बदलत आलेली आहे. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये छापली तेव्हा त्या घरात शिरणारी एक म्हातारी होती, लहान मुलगी नंतर आली. मग आपण वाटीत भगर ठेवली आणि खुर्चीच्या जागी पाट मांडला तर काय बिघडलं? माझ्या वर्गात तर दर वर्षी भांडण होतं की न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरली, तिने सॉरी म्हणायला पाहिजे होतं, आणि पोरं स्वतःच तिला सॉरी म्हणायला लावतात.

शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या बैठकीत, आम्हाला फॉर्म कसे भरायचे, लिंक कुठे भरायची हे तासन्‌तास सांगतात, त्यातला अर्धा तास एखादी गोष्ट वर्गात कशी सांगायची, आवाज कसा काढायचा याला द्यावा ही अधिकाऱ्यांना विनंती. बहुतेक शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून आलेत, उच्चाराची धास्ती असते, ती पुस्तिका वाटून जात नाही, कोणीतरी समोर करून दाखवावं लागतं.

आणि साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं, त्यात महिन्यातून एक तरी अशी छोटी इंग्रजी गोष्ट छापा. घरी आजीला पण वाचून दाखवता यावी म्हणून खाली देवनागरीत उच्चार द्या. चित्रं ठळक रेघांची असू द्या, आमच्याकडे झेरॉक्स काळीपांढरीच निघते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. पारोळा, जि. जळगाव