तपकीर गल्लीतल्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

आमच्या २०१९ च्या दिवाळी अंकात तुमचं नाव असायला हवं होतं, ते नाही. श्रेयनामावली पहिल्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पहिल्या सोळा पानांत होती आणि तो फॉर्म दसऱ्याआधीच छापून झाला होता. पुढच्या अंकात छापू म्हटलं, तर २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे अंकच निघाला नाही. मग राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, उशिरा आणि चारचौघांत.

चूक माझीच होती. ८ ऑक्टोबरला दसरा. सकाळी मॅकची, म्हणजे ज्यावर अंकाची पानं लावतो त्या ॲपलच्या कॉम्प्युटरची पूजा केली. कीबोर्डला हळदकुंकू, पडद्याला झेंडूचा हार. आदल्याच रात्री मॅकची नवी सिस्टिम, कॅटालिना, आली होती आणि तिची सूचना कोपऱ्यात झळकत होती. मुहूर्त चांगला आहे म्हणत मी बटण दाबलं. श्रीखंड-पुरी जेवून येतो तर नवी सिस्टिम हजर, पण पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या चित्रावर तिरपी रेघ मारलेला गोल, म्हणजे ते आता उघडणार नाही. मराठी टायपिंगचं, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, त्याचीही तीच गत. दोन्ही ३२ बिटची, म्हणजे जुन्या बांधणीची. आधीच्या सिस्टिमवर, मोहावेवर, ती चालत, कॅटालिनावर नाही. मोहावे तसा इशारा देत होती, पण मी तो दर वेळी ‘ओके’ म्हणून उडवून लावायचो.

अंक १७६ पानांचा, सोळा पानी अकरा फॉर्म. त्यातले चार अजून माझ्याकडेच. लक्ष्मीपूजन २७ तारखेला.

फोनवर तुम्ही पहिलं काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. “काका, आता कशालाही हात लावू नका. बॅकअपची डिस्क जोडलेली आहे? ती आधी काढून ठेवा.” ती डिस्क दोन वर्षांपूर्वी तुम्हीच माझ्या गळ्यात मारली होती. तेव्हा मला वाटलं होतं, दुकानदारी आहे.

संध्याकाळी सातला तुम्ही आलात, हातात आपट्याची पानं. सोनं दिलंत, खुर्ची ओढलीत आणि कीबोर्डाऐवजी कोरा कागद मागितलात. “सकाळपासून या मशिनवर नवीन काय काय आलं ते लिहा.” खरं सांगतो, मी चिडलो होतो. घर जळतंय आणि ही बाई यादी करायला सांगते! पण बॅकअपवरून जुन्या सिस्टिमवर मागे गेलं की त्या बॅकअपनंतरचं काहीच उरत नाही, हे मला कुठं सुचलं होतं? संपादकांनी सुधारून पाठवलेलं संपादकीय, एका कवीचा फोटो, दोन जाहिराती. “अजून आठवा,” म्हणालात. तेव्हा कुठं मलपृष्ठाची जाहिरात आठवली. अंकाच्या कागदाचं बिल तिच्यावरच भागणार होतं, ताई. सगळं पेनड्राइव्हवर घेतलंत आणि एकेक फाइल तुमच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलीत. त्यात पाऊण तास गेला.

मग कमांड आणि आर ही बटणं दाबून मशिन दुरुस्तीच्या पडद्यावर सुरू केलंत. कॅटालिना डिस्कचे दोन भाग करते, एक सिस्टिमचा आणि एक आपल्या माहितीचा; दोन्ही पुसायला हवेत, असं तुम्ही समजावत होतात. मी मान डोलावली आणि ‘इरेज’ दाबायच्या क्षणी चहाच्या निमित्तानं आत पळालो.

परत आलो तेव्हा पडद्यावर बॅकअपची यादी होती, प्रत्येक वेळेपुढं सिस्टिमचा आकडा. टाइम मशीन, म्हणजे मॅकची बॅकअपची सोय, इमानी; दर तासाला बॅकअप घेतं. दुपारी नव्या सिस्टिमचेही दोन घेऊन बसलं होतं. सगळ्यात वरची, ताजी नोंद मी डोळे मिटून निवडली असती आणि पुन्हा १०.१५ वरच, म्हणजे कॅटालिनावरच आलो असतो. तुमचं बोट त्या दोन ओळी ओलांडून १०.१४.६ वर, म्हणजे मोहावेवर थांबलं. सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं. “काका, हाराच्या आधीचा घेऊ.”

ती निळी पट्टी कधी ‘दोन तास’ म्हणायची, कधी ‘पाच तास’. तुम्ही गार झालेल्या पुऱ्या खाल्ल्यात आणि मला जबरदस्तीनं झोपायला लावलंत. दोनच्या सुमारास हाक आली. आठव्या फॉर्मातलं ११३ वं पान उघडलं. फॉन्ट गेला असेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तीच धाकधूक होती. ‘कऱ्हाड’मधला ऱ्हसुद्धा जागच्या जागी होता.

आणि मग मी काय केलं? पानांवर तुटून पडलो. तुम्ही कधी निघालात तेही कळलं नाही; दाराशी चपला नाहीत एवढंच पहाटे दिसलं. नंतर पैसे घेऊन दुकानात आलो, तर “दसऱ्याचे घेत नाही” म्हणून हाकललंत.

तो मॅक अजून मोहावेवरच आहे. २०२१ नंतर तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या, तेव्हापासून तुम्ही बजावल्याप्रमाणे इंटरनेट काढून टाकलंय. ने-आण सगळी पेनड्राइव्हवर. कॅटालिनानंतरच्या बिग सर सिस्टिमपासून टाइम मशीन सिस्टिम बॅकअपमध्ये ठेवत नाही, त्यामुळे नव्या मशिनवर असं मागं जाता येत नाही, हे मागच्या महिन्यात कळलं आणि तुमची फार आठवण झाली.

तुमचं दुकान हललं म्हणतात, नवा पत्ता गल्लीत कुणाला सांगता येईना. २०१९ च्या अंकाची एक प्रत पाकिटात घालून ठेवली आहे. श्रेयनामावलीत सगळ्यात खाली तुमचं नाव मी पेनानं लिहिलंय, जरा वाकडं आलंय. पत्ता कळवा, पाठवतो.

तुमचा,
डीटीपीवाले काका