कुन्नूरचा चहा पाठवलाय, पाहुण्यांसाठी ठेवू नकोस

आई, बाबा,

काल कुरियर केलंय, सोमवार-मंगळवारपर्यंत सांगलीत पोचेल. आत चहाची तीन पाकिटं आहेत, प्रत्येकी पन्नास ग्रॅमची. फोनवर सांगणार होते पण म्हटलं नको, हे सगळं लिहूनच पाठवावं.

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर कुन्नूरला गेले होते. कोइमतूरला येऊन दीड वर्ष झालं तरी वर जायला जमलं नव्हतं, आणि खरं सांगते, आपली 1999 ची उटीची ट्रिप त्या दिवशी डोक्यात पण नव्हती. बेडफर्डच्या बाजूला चहाचं एक छोटंसं दुकान आहे, तिथे त्यांनी आसपासच्या जागांच्या आणि फुलांच्या नावाने चहा बनवलेत, बरण्यांवर नावं लिहिलेली, केत्ती, कुरिंजी, कल्हट्टी. दुकानातल्या बाईंनी कल्हट्टीच्या बरणीचं झाकण काढून माझ्या नाकाशी धरलं आणि मला पुढे काही बोलताच येईना. निलगिरीचा वास. आई, तुझ्या रुमालाचा वास गं.

आठवतं का तुला? म्हैसूरहून निघालो, बंदीपूरचं जंगल झालं, मसिनगुडी मागे पडलं आणि तो कल्हट्टीचा घाट सुरू झाला. 36 हेअरपिन वळणं, प्रत्येक वळणाला नंबराची पाटी, दादा मोठमोठ्याने आकडे वाचत होता आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. तू पर्समधून ती बोटाएवढी बाटली काढलीस, रुमालावर दोन थेंब टाकलेस आणि उटी येईपर्यंत रुमाल माझ्या नाकाशी धरून बसलीस. तुला स्वतःला पण गरगरत होतं हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस. ती झाडं इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून आणून त्या डोंगरांवर लावली आणि आपण डोंगराचंच नाव तेलाला देऊन टाकलं, म्हणजे तू निलगिरीवर जाताना निलगिरीच बरोबर घेऊन निघाली होतीस. त्या कल्हट्टीच्या चहात या झाडाचं पान आणि काळी मिरी आहे, सर्दीत प्यायला छान.

बाबा, केत्ती तुमच्यासाठी. उटीहून कुन्नूरला टॉय ट्रेनने उतरलो ना, तेव्हा लव्हडेलनंतर केत्ती स्टेशन आलं, तुम्ही दरी बघायला खाली उतरलात, गाडी हलली तरी तुम्ही दिसेनात म्हणून मी रडून डबा डोक्यावर घेतला होता आणि तुम्ही मागच्या डब्यात चढला होतात. 2005 ला ती रेल्वे युनेस्कोच्या यादीत आली तेव्हाचं पेपरातलं कात्रण अजून तुमच्या कपाटात आहे, मी गणपतीत आले तेव्हा बघितलं. तर हा चहा थंडीतला आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री गवतावरचं दव गोठतं, पानं हळू वाढतात आणि त्यामुळे वास असा भरून येतो. आपल्या रोजच्या पावडरीसारखा दाणेदार नाही, अख्खं पान वळून वाळवलेलं. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, कपाला एक चमचा टाकायचा, झाकण ठेवून तीन मिनिटं, मग गाळायचा. दूध नको, साखर तर नकोच. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तुमची चहावरची वासनाच उडाली आहे असं आई म्हणते, मला फार वाईट वाटतं ते ऐकून. हा बिनसाखरेचा पण कडू लागत नाही, मी तिथे दोन कप प्यायले.

तिसरं पाकीट कुरिंजीचं. कुरिंजीचं निळं फूल बारा वर्षांतून एकदाच येतं, ते काही चहात घालत नाहीत, त्या निळ्या रंगासाठी गोकर्णीच्या पाकळ्या घातल्यात. आपल्या कंपाउंडवरची गोकर्ण. गरम पाणी घातलं की निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं, तू काचेच्या ग्लासात करून बघ.

आणि आई, एक मनापासून सांगायचंय. त्या ट्रिपला तू चहाच्या फॅक्टरीतून पाव किलो वेलचीचा चहा घेतलास, लाल डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलास, पाहुणे आले की दोन चमचे निघायचे. आम्हाला नाही, बाबांना नाही, तुला तर नाहीच. दिवाळीपर्यंत त्याचा सगळा वास उडून गेला होता. त्या डब्यात आता मोहरी असते. तेव्हा एकेक रुपया मोजून खर्च करायला लागायचा ते आता मला कळतं गं, पण आता तसं नाहीये. पाकीट आलं की त्याच दिवशी फोडायचं, दोघांनी गॅलरीत बसून प्यायचा, संपला तर मी परत पाठवेन, कुन्नूर इथून जेमतेम सत्तर किलोमीटर आहे.

कल्हट्टीचं पाकीट मात्र तूच फोड, बाबांकडे देऊ नकोस. आणि वास घेतलास की लगेच फोन कर, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

तुमची,
चिमी