पहिला त्रिकोण बफर-शेडरनेच काढू द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणक अभियांत्रिकीच्या ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या विषयाची प्रात्यक्षिके मी गेली चौदा वर्षे घेत आहे आणि परीक्षक म्हणून इतर महाविद्यालयांतही जाते. गेल्या सत्रात अशाच एका परीक्षेत एका विद्यार्थिनीने टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही आकृत्या काढण्याची फाइल जोडून रेषा, आयत आणि वर्तुळ बिनचूक काढून दाखवले. तोंडी परीक्षेत मी विचारले, “या संगणकातल्या ग्राफिक्स प्रोसेसरने यात काय काम केले?” ती प्रामाणिकपणे म्हणाली, “मॅडम, ते आम्हाला नाही.” दोष तिचा नव्हता. ‘ते आम्हाला’ असायला हवे आणि पहिल्याच प्रात्यक्षिकापासून हवे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टर्बो सी १९८७ साली बाजारात आले. त्याच्या ग्राफिक्स लायब्ररीत ६४० गुणिले ४८० पिक्सेलांचा आणि १६ रंगांचा पडदा मिळतो आणि आजच्या विंडोजवर तो पाहायचा तर आधी डॉसबॉक्ससारखा जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवावा लागतो. काही ठिकाणी ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरकडून चित्र काढून घेण्याच्या आज्ञांचा संच, शिकवतात, पण तेही ‘जीएल-बिगिन’ आणि ‘जीएल-एंड’ या आज्ञांच्या मध्ये एकेक बिंदू सांगण्याच्या पद्धतीने. ही पद्धत १९९२ च्या पहिल्या आवृत्तीतली आहे. २००८ साली ती कालबाह्य ठरवण्यात आली आणि पुढच्याच वर्षी गाभ्यातून काढून टाकण्यात आली. मोबाइलसाठीच्या ओपनजीएल ईएसमध्ये तर ती पहिल्या आवृत्तीपासूनच नाही. म्हणजे विद्यार्थी प्रयोगशाळेत जे शिकतो, ते त्याच्या खिशातल्या फोनवर चालू शकत नाही.

आता एक साधा त्रिकोण बफर (आकडे साठवण्याचा स्मृतीचा तुकडा) आणि शेडर (ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) वापरून काढताना विद्यार्थ्याला काय काय करावे लागते, ते पाहावे. पडद्याची रुंदी आणि उंची दोन्ही उणे १ ते अधिक १ अशी मोजतात. डावीकडचा खालचा कोपरा (-०.५, -०.५), उजवीकडचा (०.५, -०.५) आणि वरचा (०, ०.५). प्रत्येक कोपऱ्यासोबत लाल, हिरवा आणि निळा असे रंगाचे तीन आकडे द्यायचे. एका कोपऱ्याचे पाच आकडे, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणून एक नोंद २० बाइटची आणि सगळा त्रिकोण ६० बाइटचा. हे ६० बाइट एकदाच बफरमध्ये भरून ग्राफिक्स प्रोसेसरच्या हवाली करायचे आणि पुढची नोंद किती बाइटनंतर सुरू होते व नोंदीत रंग कितव्या बाइटपासून आहे, हे त्याला सांगायचे. त्यानंतर व्हर्टेक्स शेडर हा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक कोपऱ्यासाठी एकदा, म्हणजे फक्त तीनदा चालतो. रंग ठरवणारा फ्रॅगमेंट शेडर मात्र त्रिकोणाने व्यापलेल्या प्रत्येक पिक्सेलसाठी चालतो. हा त्रिकोण पडद्याचा एक अष्टमांश भाग व्यापतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर ते सुमारे २ लाख ५९ हजार पिक्सेल होतात. हे गणित फळ्यावर मांडले की ग्राफिक्स प्रोसेसर वेगळा का बनवावा लागला, हे वर्गाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

चुकांमधून मिळणारे शिक्षण तर याहून मोलाचे आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने आधी बिनरंगी त्रिकोण काढला होता, तेव्हा नोंद ८ बाइटची होती. मग त्याने रंगाचे आकडे भरले, पण नोंदीची लांबी ८ च राहू दिली. त्रिकोण पडद्यावर आला, मात्र त्याचा उजवा पाय उचलला जाऊन थेट उजव्या कडेच्या मध्यावर गेला. आम्ही वही उघडून आकडे ओळीने लिहून काढले, तेव्हा उलगडा झाला: पहिल्या कोपऱ्याच्या लाल रंगाचा १ आणि हिरव्याचा ० हे आकडे प्रोसेसरने दुसऱ्या कोपऱ्याचे स्थान म्हणून वाचले होते. स्मृतीत नुसते बाइट असतात आणि त्यांचा अर्थ आपण लावून द्यायचा असतो, ही गोष्ट मी व्याख्यानात अनेकदा सांगितली होती. त्या मुलाला ती त्या दुपारी कळली.

आयत काढताना चार कोपरे एकदाच साठवून ०, १, २ आणि २, ३, ० अशा क्रमांकांनी दोन त्रिकोण जोडता येतात. वर्तुळ असे काही प्रोसेसरला ठाऊकच नसते. केंद्र आणि परिघावरचे ३६ बिंदू घेऊन, पहिला बिंदू शेवटी पुन्हा देऊन, त्रिकोणांचा पंखा उलगडावा लागतो. तो रुंद पडद्यावर लंबवर्तुळ दिसू लागला की पडद्याच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तराचा भागाकार विद्यार्थी आपण होऊन करतात.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की ब्रेसनहॅमची रेषा काढण्याची रीत मग सोडायची काय? मुळीच नाही. १९६२ साली आयबीएममध्ये तयार झालेली ती रीत केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी वापरते आणि ती इतकी सुंदर आहे की प्रत्येकाने ती हाताने सोडवलीच पाहिजे. पण त्यासाठी टर्बो सी लागत नाही, आलेख कागद आणि एक साधा ॲरे (आकड्यांची रांग) पुरतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यालाही आधार नाही, कारण वेबजीएल हे ओपनजीएल ईएसवर आधारलेले रूप २०११ पासून ब्राउझरमध्ये आहे, काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही आणि साध्या संगणकातला अंगभूत ग्राफिक्स प्रोसेसरही एवढे काम सहज करतो. अडचण खरी आहे ती वेगळीच: शेडरमध्ये दशांश संख्यांच्या अचूकतेची एक ओळ राहिली तरी पडदा कोरा राहतो आणि त्रुटीचा संदेश आपण मागितल्याशिवाय मिळत नाही. तो कसा मागायचा, हे शिक्षकाला आधी शिकावे लागेल. त्यासाठी सुटीतली चार दिवसांची कार्यशाळा पुरे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, पुढच्या फेररचनेत पहिली तीन प्रात्यक्षिके त्रिकोण, आयत आणि वर्तुळ अशीच ठेवावीत, परंतु ती बफर आणि शेडर वापरून करून घ्यावीत आणि बाइटांचा हिशेब तोंडी परीक्षेत गुणांसह विचारावा. मी माझ्या वर्गासाठी या तीन प्रात्यक्षिकांच्या टिपा मराठीत लिहिल्या आहेत. ज्या शिक्षकांना त्या हव्या असतील, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी त्या विनामूल्य पाठवीन.

आपली विश्वासू,
संगणक अभियांत्रिकीची एक अध्यापिका, सांगली