सुट्टी संपण्याआधी स्वतःची कॉपी वाच

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

वृत्तपत्रातली इंटर्नशिप संपली, कॉलेजचं पुढचं वर्ष सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत, आणि या उन्हाळ्यात आपण नेमकं काय शिकलो हा प्रश्न तुला पडलाय. त्याचं उत्तर आठवून शोधू नकोस. आठवायला बसलं की धावपळ आणि पहिली बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं आपलं नाव, आठवते, कामातली कच्ची बाजू आठवत नाही. डेस्कला, म्हणजे उपसंपादकांकडे, पाठवलेली मूळ कॉपी (तू लिहिलेला मजकूर) आणि छापून आलेली बातमी, दोन्हींचे प्रिंट काढून शेजारी ठेव. आठ-दहा बातम्या पुरेत. चांगल्या जमलेल्याच निवडू नकोस. कापून दोन परिच्छेदांवर आणलेल्या आधी घे.

मग तीन रंगांची पेनं घे: उडवलेल्या मजकुराला एक, नव्याने घातलेल्याला दुसरा, जागा बदललेल्याला तिसरा.

जागा बदललेला मजकूर सगळ्यात जास्त शिकवतो. तुझ्या पाचव्या परिच्छेदातलं वाक्य उपसंपादकाने उचलून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला, नेलं असेल, तर बातमी तुझ्या वहीत होती पण तुला दिसली नव्हती. नवा वार्ताहर बैठक ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने लिहितो. प्रास्ताविक वर येतं आणि निर्णय तळाशी जातो. यावर उपाय सोपा आहे. लिहायला बसताना आधी वही मिटायची आणि तिथे नसलेल्या माणसाला एका वाक्यात काय सांगशील तेवढंच लिहायचं. बहुतेक वेळा तोच इंट्रो निघतो.

उडवलेल्यात विशेषणं असतील आणि शेवटचे परिच्छेद असतील. पान लावताना जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणून ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं कधीही शेवटी ठेवू नकोस. ते कापलं गेलं की बातमी एकतर्फी होते आणि नाव तुझं असतं. आरोपाच्या लगेच पाठोपाठ उत्तर दे. उत्तर मिळालं नसेल, तर कोणाशी, कधी आणि कसा संपर्क साधला ते तिथेच लिही.

नव्याने घातलेलं सहसा बारीकसारीक असतं: हुद्दा, वय, तारीख, एकूण कितीपैकी किती. यातलं बरंचसं विचारायला डेस्कने तुला फोन केला असेल. ते सगळे प्रश्न एका कागदावर उतरव आणि तो कागद वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटव. घटनास्थळावरून निघण्याआधी त्यावरून एक नजर फिरव. तिथून परतल्यावर वय विचारायला पुन्हा फोन करावा लागतो, आणि तोवर तो माणूस फोन उचलतोच असं नाही.

यानंतर एक बातमी अशी निवड, जिचा तुला अभिमान वाटतो. तिच्यातलं प्रत्येक नाव, आकडा, तारीख आणि अवतरण अधोरेखित कर, आणि समासात लिही की हे कुठून आलं: वहीचं पान, रेकॉर्डिंगचं मिनिट किंवा कागदपत्राचा परिच्छेद. समास कुठे रिकामा राहतो ते पाहा. तिथे तू ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती म्हणून लिहिली आहेस, किंवा दुसऱ्या पेपरातून उचलली आहेस. दोन पेपरांनी एकच गोष्ट छापली आणि दोघांचाही उगम एकच प्रसिद्धीपत्रक असलं, तर तो एकच सोर्स. हे काम कंटाळवाणं आहे, पण वार्ताहर यातूनच घडतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून आग्रह धरते आहे.

आकड्यांसाठी कॅल्क्युलेटर घेऊनच बस. दर 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला तर वाढ 1 टक्का नसते. ती 1 टक्के-बिंदूची किंवा 25 टक्क्यांची असते. 100 वर 20 टक्के वाढ आणि मग 20 टक्के घट झाली, तर हाती 100 नाही, 96 राहतात. चार जणांना 10 आणि पाचव्याला 60 मिळत असतील तर सरासरी 20 येते, पण 20 मिळवणारा त्यांत एकही नाही. अशा वेळी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, सांगावा, इथे तो 10 आहे.

रेकॉर्डिंगच्या फायली आत्ताच लाव. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला की त्या आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती ठेव, त्यातली एक वेगळ्या जागी. मोबाइलवर रेकॉर्ड करताना मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग थांबू शकतं, म्हणून एअरप्लेन मोड लावायचा. तरीही वहीत लिहीतच राहा आणि महत्त्वाचं वाक्य आलं की समासात वेळ टाक. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला तीन-चार तास सहज जातात, समासात वेळ टाकलेली असेल तर काही मिनिटांत हवं ते सापडतं. कोणी 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे न छापण्याच्या अटीवर, सांगितलेलं वहीत वेगळं चिन्हांकित आहे ना, तेही बघ. ती अट बोलण्याआधी दोघांनी मान्य करायची असते. दोन महिन्यांनी वही उघडल्यावर आठवणीच्या भरवशावर राहू नकोस.

कोर्टात आणि बैठकांत नुसतं बसून काढलेले दिवस वाया गेले असं तुला वाटत असेल, तर 17 जून 1972 ची गोष्ट लक्षात घे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पुढे ज्यात राजीनामा द्यावा लागला, त्या वॉटरगेट प्रकरणाचा तो पहिला दिवस. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत घुसलेले असताना पकडलेल्या पाच जणांना त्या दिवशी कोर्टात उभं केलं, तेव्हा वार्ताहर बॉब वुडवर्ड तिथे हजर होता. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये रुजू होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. आपण पूर्वी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत होतो असं त्यातल्या एकाने न्यायाधीशांना हळू आवाजात सांगितलं. वुडवर्ड पुढच्या रांगेत बसलेला होता, म्हणून ते त्याच्या कानावर पडलं.

कात्रणांचं म्हणशील तर वेबवरच्या बातम्या पीडीएफ करून ठेव, लिंक बंद पडतात. पोर्टफोलिओत पाच-सहाच घाल आणि प्रत्येकीत तुझं काम नेमकं किती होतं ते एका ओळीत लिही.

आता वह्या पुन्हा चाळ. कुठल्या चौकशीचा अहवाल यायचाय, कुठल्या खटल्याची पुढची तारीख आहे, कोणी कधीपर्यंत काम पूर्ण करू म्हणून सांगितलंय, हे सगळं त्या त्या तारखेला डायरीत नोंदव. त्यातला एक फॉलोअप पुढच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी राखून ठेव. आणि ज्यांना "बातमी आली की कळवते" असं सांगून आलीस त्यांची यादी करून, वर्ग सुरू होण्याआधी एकेकाला फोन कर. ज्यांची बातमी छापून आली नाही, त्यांना आधी.

तुझी,
आई