पहिली बाजू चढी आहे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॅपवर लांब लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस म्हणून हा ईमेल. ऑफिसात वाचू नकोस, घरी गेल्यावर निवांत वाच. आई म्हणते फोन करून सांग की सरळ, पण फोनवर मला हे जमणार नाही.

तुला २००६ च्या मे महिन्यातली आपली भांडाभांडी आठवतेय का? तू सहावी पास झाली होतीस, पेटीच्या क्लासला नुकताच काफी थाट शिकवला होता आणि दिवसभर तेच चालू होतं. मी माझी माइल्स डेव्हिसची जॅझची 'काइंड ऑफ ब्लू' लावून बसलो होतो, चोरबाजारातून घासाघीस करून आणलेली अमेरिकन एलपी. तू आजीची पेटी ओढत आणलीस आणि तिच्यातल्या पहिल्या गाण्याबरोबर, 'सो व्हॉट'बरोबर, वाजवायला लागलीस. मी आधी खूशच झालो, कारण ते गाणं खरंच आपल्या काफीच्याच सुरांवर आहे, पांढरी दोनचा सा धरायचा आणि सोळा मात्रा नाही, सोळा बार (चार मात्रांचा एक बार) तिथेच राहायचं, मग आठ बार सगळं उचलून काळी दोनवर आणि परत आठ बार पांढरी दोन. एवढंच. बाकी सगळं वाजवणाऱ्याच्या डोक्यातलं. तू हे कोणी न सांगता शोधलंस आणि दोन मिनिटांनी थांबून म्हणालीस, बाबा हे बसत नाहीये, रेकॉर्ड थोडी वर आहे.

मी म्हटलं पेटी जुनी आहे. तू म्हणालीस पेटी बरोबर आहे. मग मी म्हटलं तुझा कान अजून तयार व्हायचाय. हे मी म्हटलं, मला शब्द न् शब्द आठवतोय.

वर तू एक गोष्ट केलीस जी त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरली पाहिजे होती. रेकॉर्ड उलटी केलीस, 'ऑल ब्लूज' लावलंस, पांढरी पाच धरलीस आणि म्हणालीस, बघा, ही बाजू बसते. आता टर्नटेबल जोरात फिरत असेल तर दोन्ही बाजू चढायला हव्यात ना? पेटी खराब असेल तर दोन्ही बिघडायला हव्यात. अकरा वर्षांच्या पोरीने पुरावा हातात दिला आणि मी म्हटलं, जा खेळायला.

मनातून मात्र खटकलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. टर्नटेबल घेऊन लॅमिंग्टन रोडला एकाकडे गेलो. त्याने ट्यूबलाइटखाली प्लॅटरच्या कडेचे ठिपके दाखवले, ठिपके जागच्या जागी उभे दिसले की स्पीड बरोबर, आणि ते अगदी पुतळ्यासारखे उभे होते. तरी मी हट्टाने नवीन बेल्ट टाकून घेतला, पैसे गेले ते गेलेच. मग पिचचा नॉब जरा खाली केला तर पहिली बाजू पेटीला बसली आणि दुसरी उतरली. मग नॉब परत मधोमध आणून ठेवला आणि विषय बंद.

आता मागच्या रविवारी काय झालं ते ऐक. आम्ही चौघे नेहमीप्रमाणे मधूकाकाकडे, पोहे झाले, चहा झाला, आणि नेहमीचा वाद सुरू झाला की 'ब्लू इन ग्रीन' खरं कोणाचं. कव्हरवर माइल्स डेव्हिसचं नाव, पण मधूकाका छाती ठोकून सांगतो ते त्यातल्या पियानोवाल्या बिल एव्हान्सचं आहे, आणि एव्हान्स स्वतः सांगायचा की रॉयल्टीचा विषय काढला तेव्हा माइल्सने पंचवीस डॉलरचा चेक दिला. मी माइल्सच्या बाजूचा, हे तुला माहितीच आहे, पण त्या चेकवर माझ्याकडे उत्तर नसतं. तर मधूकाकाने मला गप्प करायला ते फोनवरून स्पीकरवर लावलं आणि मी ऐट म्हणून माझी एलपी लावली. दोन्ही एकामागून एक. मनू, सूर वेगळा! चौघांनाही ऐकू आलं. एलपी चढी. मी लगेच म्हटलं टर्नटेबल, बेल्ट, वगैरे, आणि मधूकाका तोवर फोनमध्ये डोकं घालून शोधायला लागला होता, त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

झालं होतं असं. रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, २ मार्च १९५९ आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३० व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत. पहिल्या दिवशी 'फ्रेडी फ्रीलोडर', 'सो व्हॉट' आणि 'ब्लू इन ग्रीन', म्हणजे एलपीची अख्खी पहिली बाजू. त्या दिवशी दोन टेप मशिनं चालू होती, एक मुख्य आणि एक जादाची. मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नीट स्पीडने वाजवलं की ते जलद होतं आणि सूर चढतो. एप्रिलपर्यंत तो घोळ निस्तरला होता म्हणून दुसरी बाजू बरोबर. आणि ही भानगड १९९२ साली, पुन्हा नव्याने सीडी काढताना जादाची टेप वापरली तेव्हा सुधारली गेली. ३३ वर्षं जगभर लोकांनी ती बाजू चढीच ऐकली, तिच्यावर बोट ठेवून ट्रम्पेट शिकले. फोनवर तुम्ही जे ऐकता ते सुधारलेलं असतं. माझ्याकडची एलपी आधीची.

मी काही बोललोच नाही बराच वेळ. मधूकाकाला वाटलं चेकमुळे.

तू गेल्या महिन्यात म्हणालीस ना की बाबा, काय फरक पडतो, रेकॉर्डिंग तेच, फोनवर ऐका, ते डबे कशाला सांभाळता. तेव्हा मी चिडलो होतो. तेच नाहीये गं. पण मी ज्याला अस्सल म्हणून तुझ्यावर डाफरलो ते चुकलेलं निघालं, आणि गंमत म्हणजे मला अजूनही ते चुकलेलंच जास्त आवडतं. चाळीस वर्षांची सवय. सुधारलेलं 'सो व्हॉट' मला जरा पेंगुळल्यासारखं वाटतं. हे मधूकाकाला सांगू नकोस.

मला हा नाद कुठून लागला हे तू विचारायचीस. आजोबांना जॅझ म्हणजे हॉटेलातला गोंगाट वाटायचा, पण तेच आजोबा 'अलबेला'ची गाणी लागली की रेडिओ मोठा करायचे. त्यांना कुठे माहीत होतं की आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर तेव्हा गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट काम करायचा, रात्री हॉटेलात ट्रम्पेट आणि दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग. आंतोनियो झेवियर वाझ हे खरं नाव, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो ट्रम्पेटचा आवाज लहानपणीच कानात बसला. मग १९७८ ला धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता, आणि तिकिटाचे पैसे मी घरी कॉलेजची फी म्हणून मागितले. आजोबा गेले, आता सांगायला हरकत नाही.

आणि एक. १९५९ च्या त्या दोन्ही दिवशी सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता, एकाच सुराच्या घरात शांत बसून वाजवत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ४ आणि ५ मेला त्याने स्वतःच्या 'जायंट स्टेप्स' या एलपीचं बहुतेक रेकॉर्डिंग केलं, त्या नावाच्या गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, इतक्या भराभर बदलतात की पियानोवाल्याला सोलोत धाप लागलेली ऐकू येते. माणूस तोच. एकदा दोन्ही पाठोपाठ ऐक, फोनवर ऐकलंस तरी चालेल.

तू जर्सीहून रोज मॅनहॅटनला जातेस तर एखाद्या शनिवारी पूर्वेच्या ३० व्या स्ट्रीटला, दुसऱ्या आणि तिसऱ्या अॅव्हेन्यूच्या मध्ये चक्कर मार. दिसणार काही नाही. स्टुडिओ मुळात एक जुनं चर्च होतं, उंच छताचं, पियानोवाल्या ग्लेन गूल्डनेही तिथेच १९५५ ला बाखचं वाजवलं. १९८१ ला बंद झाला, मग पाडून तिथे राहण्याची बिल्डिंग उभी राहिली. तरी फोटो पाठव.

डिसेंबरला येशील तेव्हा लावू. पिचच्या नॉबवर मी पेन्सिलने खूण केलीय, पहिल्या बाजूला काटा तिथे ठेवायचा, दुसऱ्या बाजूला मधोमध. आजीची पेटी आईने माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय, पांढरी सहा दाबली की वर येत नाही, ते आधी करून घेतो.

बाबा