रोजची धावपळ मुलांच्या वाट्याला यावी म्हणून

ती. दादा व सौ. वहिनी यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वहिनींचे पत्र मिळाले. थोरला शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो आणि धाकटीने तर बारावे लागल्यापासून खाली खेळायला जाणेच सोडले, हे वाचून काळजी वाटली. दादा, दोघांनाही आठवड्यातून दोन दिवस एखाद्या क्रीडावर्गाला घालावे, हा तुझा विचार चांगलाच आहे. पण उरलेले पाच दिवस मुले बसूनच राहणार असतील तर त्याने फारसे साधणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दम लागेल अशी हालचाल रोज सरासरी ६० मिनिटे तरी व्हायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धावणे, उड्या मारणे, चढणे, लोंबकळणे असे स्नायूंना व हाडांना बळकटी देणारे काही घडायला हवे. हा तास सलग मिळाला पाहिजे असे मुळीच नाही. शाळेत झपझप चालत जाणे, मधल्या सुट्टीतली पकडापकडी, जिन्याची चढउतार, संध्याकाळच्या दोरीवरच्या उड्या हे सगळे मिळून तो भरतो. दम पुरेसा लागतो आहे का, हे ओळखण्याची खूणही सोपी आहे: मुलाला बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

मला अधिक चिंता धाकटीची आहे. १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांविषयीचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ साली ८१ टक्के मुलांची हालचाल अपुरी होती, आणि मुलींमध्ये तर हे प्रमाण ८५ टक्के होते. म्हणजे ती एकटी आळशी झाली आहे असे समजून तिला बोलू नये. हाडांची भर सर्वांत वेगाने पडते ती याच वयात, आणि नेमक्या याच वयात खेळ सुटतो. वहिनी, तुम्हीच तिला एकांतात विचारा: कपड्यांचा संकोच वाटतो का, पाळीच्या दिवसांची धास्ती आहे का, की बरोबर खेळणाऱ्या मैत्रिणीच उरल्या नाहीत? उत्तर काहीही असो, तिच्या वजनाविषयी घरात कोणी एक शब्दही काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिला संघात खेळायला नको वाटत असेल तर नाच, सायकल, पोहणे यांतले जे आवडेल ते तिचे तिला निवडू द्या.

आणि दादा, अभ्यास झाला नाही म्हणून उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या, असली शिक्षा कधीही देऊ नकोस. शाळेत उशीर झाला की मला फेऱ्या मारायला लावत, हे तुला आठवत असेल. त्यानंतर कित्येक वर्षे धावणे म्हटले की मला अपमानच आठवे. खेळ बंद करणे ही शिक्षासुद्धा तितकीच वाईट, कारण थकून खेळलेले मूल रात्री लवकर झोपते आणि सकाळी वर्गात त्याचे लक्षही अधिक लागते.

इथे माझ्या मुलाला मी लॅपटॉपवरून मान वर न करता "जा, खेळ" म्हणत असे आणि तो जागचा हलत नसे. मी स्वतः चेंडू घेऊन दाराशी उभा राहू लागलो, तेव्हा तो आला. आता तोच मला हाक मारतो. तू कामावरून दमून येतोस हे मी जाणतो, तरी पंधरा मिनिटे त्यांच्याबरोबर उतर. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेने मुलांना रोज पंधराच मिनिटे बाहेर नेऊन धावायला किंवा चालायला लावले. वेगळा गणवेश नाही, स्पर्धा नाही, क्रमांक नाही. पुढे हा उपक्रम अनेक देशांतील शाळांनी उचलला. पालकसभेत हा विषय तू काढावास, असे मला मनापासून वाटते.

रविवारी फोन करीन तेव्हा मोबाइल आधी धाकटीकडे द्या. तिने काय निवडले, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुझा धाकटा भाऊ